सभासद क्रमांक २१४

मुलांनो, आज मी तुम्हाला माझ्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक तशी एवढीशी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक रिकामा चौकोन होता, त्यात मी बरोबरची खूण केली. बस्स, एवढंच! पण त्या एका खुणेपायी एका आजोबांचं सतरा वर्षांचं वाचन पुसलं गेलं. आणि ते पुसलं गेलंय, हे मला दोन महिने कळलंसुद्धा नाही.

ही गोष्ट १९९८-९९ सालची. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या गावात एक जुनं वाचनालय होतं. कौलारू इमारत, पुढे ओसरी, ओसरीवर वर्तमानपत्रं वाचत बसलेली म्हातारी मंडळी आणि आत लाकडी कपाटांमध्ये सहा हजारांच्या आसपास पुस्तकं. तिथले ग्रंथपाल काका मला अगदी लहानपणापासून ओळखायचे. त्या वर्षी गावातल्या एका सद्गृहस्थांनी वाचनालयाला कॉम्प्युटर भेट दिला. काकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर प्लॅस्टिकचं झाकण घातलं, दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली आणि मला निरोप धाडला, "अगं, तू कॉलेजात हे यंत्र शिकतेस ना? मग ये आणि आमच्या वह्या यात घालून दे."

घालून दे! जसं काही पोत्यात धान्यच घालायचं होतं. पण मी खूश झाले. एका अख्ख्या वाचनालयाचा कारभार माझ्या हातात!

वह्या तीन होत्या. पहिली सभासदांची. तिच्यात प्रत्येकाला एक क्रमांक, पुढे नाव, पत्ता, अनामत रक्कम. दुसरी दाखल नोंदवही. वाचनालयात नवं पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो. तो पुस्तकावर शिक्क्यात लिहितात आणि या वहीत त्याची एक ओळ होते. तिसरी वही देवघेवीची. ही सगळ्यात जाड आणि सगळ्यात मळकी. गंमत अशी की, हिच्यात ना माणसाचं नाव होतं, ना पुस्तकाचं. प्रत्येक ओळीत नुसते दोन क्रमांक आणि दोन तारखा. २१४, ३०५६, नेल्याची तारीख, परत दिल्याची तारीख. म्हणजे काय, तर २१४ नंबरच्या सभासदाने ३०५६ नंबरचं पुस्तक अमुक दिवशी नेलं आणि तमुक दिवशी आणून दिलं.

तुम्ही म्हणाल, सरळ नावच का नाही लिहायचं? विचार करून पाहा. दर वेळी तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहायचा ठरवला आणि वर्षभरात तुम्ही पन्नास पुस्तकं नेलीत, तर तुमचा पत्ता पन्नास वेळा लिहावा लागेल. मग तुम्ही घर बदललंत की तो पन्नास ठिकाणी दुरुस्त करा! एखाद्या ठिकाणी राहून गेला की झाला घोटाळा. त्यापेक्षा पत्ता एकदाच, एकाच वहीत लिहायचा आणि बाकी सगळीकडे नुसता क्रमांक. ज्याला पत्ता हवा, त्याने पहिली वही उघडावी.

काकांना हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांची पद्धत त्यांनी चालू ठेवली होती. कॉम्प्युटरच्या जगात मात्र हाच विचार नीट गणिताच्या पायावर मांडायला १९७० साल उजाडलं. एडगर कॉड नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमान चालवलं होतं. पुढे ते अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत असताना त्यांनी एक निबंध लिहिला. सगळी माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची किल्ली असावी, आणि एका तक्त्याने दुसऱ्याशी नातं जोडायचं ते या किल्लीच्या जोरावर, असं त्यांनी मांडलं. सभासद क्रमांक ही सभासदांच्या तक्त्याची स्वतःची किल्ली. तीच देवघेवीच्या तक्त्यात येऊन बसते तेव्हा ती तिथे पाहुणी असते. तिला फॉरिन की म्हणतात. ज्या तक्त्याकडे बोट दाखवलं जातं तो पालक आणि जो बोट दाखवतो तो पाल्य, असंही म्हणायची रीत आहे. आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळीकडे हेच तक्ते आहेत.

तर मी तीन तक्ते केले आणि मे महिन्याच्या सुटीत आठवी-नववीची आठ-दहा मुलं गोळा केली. देवघेवीच्या १९८१ पासूनच्या वह्या टाइप करायच्या होत्या. नव्या नोंदी सोडून जुन्या कशाला, असं मीही काकांना विचारलं होतं. काकांनी मला खालचा फळा दाखवला. वाळवी! दोन वह्यांची तर नुसती चाळण झाली होती. "हे गेलं की कोणी काय वाचलं ते गेलं," काका म्हणाले. मुलं पाळीपाळीने यायची. एक जण आकडे वाचणार, दुसरा टाइप करणार, तिसरा पडद्यावर नजर ठेवून चुका पकडणार. दिवाळीपर्यंत काम संपलं. कार्यकारी मंडळाने वह्या रद्दीत दिल्या, कारण कपाट हवं होतं. मी स्वतः त्या बांधून दिल्या. सुतळीसुद्धा मीच आणली.

आता खरी गोष्ट. कामाच्या सुरुवातीलाच एक अडचण यायची. एखादा सभासद चुकून दोनदा टाइप झाला आणि मी त्यातला एक पुसायला गेले, की प्रोग्राम अडून बसायचा. इंग्रजीत एक भलामोठा निरोप यायचा. त्याचा अर्थ असा की, या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी दुसऱ्या तक्त्यात आहेत, म्हणून ही पुसता येत नाही. मला त्याचा भारी राग यायचा. यंत्र माझं ऐकत नाही म्हणजे काय?

खरं तर यंत्राचं बरोबर होतं. समजा, त्याने ऐकलं असतं आणि २१४ नंबरची ओळ सभासदांच्या तक्त्यातून पुसली असती. देवघेवीत मात्र २१४ च्या शेकडो ओळी तशाच. त्या आता बोट कोणाकडे दाखवणार? अशा ओळीला पोरकी नोंद म्हणतात. तिला विचारलं, पुस्तक कोणाकडे आहे, तर ती सांगते २१४ कडे. २१४ कोण? ठाऊक नाही! आणि त्याहून वाईट म्हणजे, उद्या तोच मोकळा क्रमांक कोणा नव्या सभासदाला दिला, तर जुन्या माणसाची न दिलेली पुस्तकं आणि दंड बिचाऱ्या नव्याच्या गळ्यात.

म्हणून दोन तक्त्यांचं नातं जोडतानाच एक प्रश्न सोडवावा लागतो. पालक पुसला, तर पाल्याचं काय करायचं? नकार देणं हे एक उत्तर. मागे बोट दाखवणारी एक जरी ओळ शिल्लक असली, तरी पालकाला पुसू द्यायचं नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, तर बहुतेक प्रोग्राम हेच करतात. दुसरं उत्तर आहे कॅस्केड. कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारा धबधबा. पालक पुसला की त्याच्या मागोमाग त्याचे सगळे पाल्य, आणि पाल्यांचे जे पाल्य असतील तेही. सभासद गेला की त्याची देवघेव गेली, देवघेव गेली की तिच्यावरचा दंड गेला. हा धबधबा खालीच पडतो बरं का, वर चढत नाही. देवघेवीची एक ओळ पुसली म्हणून सभासद नाहीसा होत नाही.

मी ज्या चौकोनात खूण केली, तो या कॅस्केडचा होता. त्या दिवसापासून निरोप बंद झाले. दुहेरी नोंदी झटक्यात पुसल्या जाऊ लागल्या. मला वाटलं, काय हुशार आहे मी!

मार्च १९९९ उजाडला. आर्थिक वर्षाचा शेवट. मंडळाने ठराव केला की, वर्गणी थकलेले, गाव सोडून गेलेले आणि वारलेले सभासद यादीतून कमी करावेत. काकांनी त्रेसष्ट नावांची यादी माझ्या हाती दिली. मी त्या त्रेसष्ट ओळी निवडल्या आणि डिलीटचं बटण दाबलं. प्रोग्रामने विचारलं, या नोंदी आणि यांच्याशी निगडित असलेल्या दुसऱ्या तक्त्यांमधल्या नोंदी पुसल्या जातील, पुढे जायचं का? त्याने अगदी स्पष्ट विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं. काकांनी मागवलेला चहा येईपर्यंत काम झालेलं होतं.

मे महिन्यात एक मुलगी आईबरोबर वाचनालयात आली. आठवीतून नववीत गेलेली. हातात एक जुनं, कडा झिजलेलं सभासदकार्ड. तिचे आजोबा जानेवारीत वारले होते. ते एस.टी.त वाहक होते आणि दर सोमवारी, ती त्यांची सुटी, न चुकता पुस्तक बदलायला यायचे. तिला वाचनाची गोडी त्यांनीच लावली. तिला आता सुटीत आजोबांनी वाचलेली पुस्तकं वाचायची होती. त्यांनी वाचली त्याच क्रमाने. म्हणून ती यादी मागायला आली होती.

काकांचा चेहरा खुलला. "अगं, एवढंच ना? आता कॉम्प्युटर आहे आपल्याकडे. ताई, काढ गं. दोनशे चौदा."

मी क्रमांक टाइप केला. पडद्यावर काही नाही. वाटलं, बोट चुकलं. पुन्हा टाइप केला. मग देवघेवीच्या तक्त्यात २१४ शोधलं. एकही ओळ नाही. तेव्हा मला मार्चमधला तो प्रश्न आठवला आणि पोटात गोळा आला. मी एकूण ओळी मोजायला लावल्या. दिवाळीत मुलांनी मला दाखवलेला आकडा माझ्या लक्षात होता. त्यातल्या हजारो ओळी गायब होत्या.

तुम्ही विचाराल, दुसरीकडे कुठे प्रत ठेवली नव्हती? ठेवली होती ना! दोन फ्लॉप्या होत्या. एका शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरी. आणि दर वेळी जुनी प्रत पुसून तिच्यावर नवी. दोन महिन्यांत दोन्ही फ्लॉप्यांवर पुसलेला तक्ताच जाऊन बसला होता. वह्या रद्दीत. मी त्या मुलीला काय सांगणार? मी म्हटलं, "चूक झाली गं. माझ्याकडूनच पुसलं गेलं." ती काही बोलली नाही. तिच्या आईने तिच्या हातातलं कार्ड घेऊन पिशवीत ठेवलं. ते मला अजून दिसतं.

मग काका उठले. काही न बोलता कपाटाकडे गेले, एक पुस्तक काढलं आणि त्याचं मागचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारीखपत्रिका तुम्ही पाहिली असेल. आमच्या वाचनालयात तारखेपुढे सभासदाचा क्रमांकही लिहायची पद्धत होती. १०७, ३३, ४१२, १०७... "तुझ्या यंत्रातून माणूस गेला," काका म्हणाले, "पुस्तकं इथेच आहेत."

पुढचे तीन आठवडे रोज दुपारी आम्ही तिघं कपाटं उपसत होतो. ती मुलगी, मी आणि काका. एकेक पुस्तक काढायचं, मागचं पान उघडायचं, २१४ दिसतंय का पाहायचं. पत्रिका भरली की तिच्यावरच दुसरी चिकटवलेली असायची. मग वरची हलकेच उचलून खालची पाहायची. काही ठिकाणी तीन-तीन थर. मांजरपाटाच्या बांधणीचा वास, धूळ, शिंका. काही पत्रिका फाटलेल्या, काहींवर शाई पसरून २१४ आहे की २७४ हेच कळेना. ते तिने वहीत प्रश्नचिन्ह घालून लिहिले. काका म्हणाले, 'असू दे, दोन्ही वाच!'

दुसऱ्या आठवड्यात तिला एका प्रवासवर्णनात २१४ हा आकडा सापडला, आणि मग त्याच पत्रिकेवर पुन्हा, आणि पुन्हा. एकूण सात वेळा. जन्मभर गावोगावच्या फाट्यांवर घंटी वाजवणाऱ्या माणसाने बोटीने केलेल्या एका लांबच्या प्रवासाचं ते पुस्तक दर दोन-अडीच वर्षांनी घरी नेलं होतं. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. माझा तक्ता शाबूत असता, तर ही यादी तिला दोन मिनिटांत मिळाली असती हे खरं. पण ते काही मी स्वतःचं समाधान म्हणून सांगत नाही. जवळजवळ निम्मी पुस्तकं आम्हाला सापडलीच नाहीत. जीर्ण झालेल्या पुस्तकांची नव्याने बांधणी करताना पत्रिका काढून टाकल्या होत्या. शेवटी तिच्या वहीत ३४६ ओळी झाल्या.

शिवाय दुसरं संकटही तेव्हाच बाहेर आलं. त्या त्रेसष्टांपैकी काही जणांनी पुस्तकं परत केलीच नव्हती. आता ती कपाटातही नव्हती आणि कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे कोणाकडे गेलेलीही नव्हती! माझ्या धबधब्याने त्यांचं घेणंही माफ करून टाकलं होतं. काकांनी आठवून आठवून अकरा घरी निरोप पाठवले.

ते सगळं निस्तरल्यावर काकांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "दाखल नोंदवहीत एखादं पुस्तक बाद झालं, तर मी काय करतो?" मी म्हटलं, ओळ खोडता. "मुळीच नाही. ओळ तशीच राहते. शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, जीर्ण झाल्याने निर्लेखित, ठराव क्रमांक, तारीख. आणि तो दाखल क्रमांक पुन्हा कोणत्याही पुस्तकाला नाही."

तुमच्या शाळेतही असंच असतं, बाबांना विचारा. मुलगा शाळा सोडून गेला की हजेरीपटातून त्याचं नाव कमी होतं; पण जनरल रजिस्टरमधली त्याची ओळ कोणी पुसत नाही. तिच्यापुढे शाळा सोडल्याची तारीख पडते. म्हणून तर चाळीस वर्षांनी एखादे गृहस्थ शाळेत येऊन आपल्या जन्मतारखेचा उतारा मागू शकतात. ज्यांची शेती आहे, त्यांच्या घरी सातबारा असेल. जमिनीचा मालक बदलला की त्याच्यावरच्या जुन्या नावाला कंस होतो आणि फेरफाराचा क्रमांक पडतो. जुनं नाव कंसात का होईना, दिसत राहतं. आणि मी? मी 'सभासदत्व संपल्याची तारीख' असा एक साधा रकाना सभासदांच्या तक्त्यात ठेवला नव्हता. तो असता, तर त्रेसष्टांपैकी कोणालाच पुसायची वेळ आली नसती.

मग आम्ही एकेक नातं घेऊन बसलो. सभासद आणि देवघेव यांच्यात नकार. सभासद आणि मागणी यांच्यात मात्र धबधबा चालेल, असं काकांनी स्वतःच ठरवलं. मागणी म्हणजे, एखादं पुस्तक बाहेर असलं की 'आलं की मला द्या' म्हणून केलेली नोंद. माणूसच यायचा बंद झाला, तर त्याची मागणी ठेवून काय करायचं? उलट ती राहिली, तर रांगेतला पुढचा माणूस उगाच खोळंबतो. तेव्हा कॅस्केड हे काही राक्षस नाही, हे मला कळलं. मी ते चुकीच्या दारावर लावलं होतं.

देणगीदारांचा तक्ता आला, तेव्हा तिसरंच उत्तर लागलं. काही पुस्तकांपुढे देणगीदाराचा क्रमांक होता. एका देणगीदाराचं नाव चुकीने पडलं होतं, ते काढायचं होतं. नकार दिला तर चूक तशीच राहणार. धबधबा सोडला तर दात्याबरोबर पुस्तकंही जाणार, म्हणजे कहरच! इथे पुस्तक राहू द्यायचं आणि देणगीदाराचा रकाना तेवढा रिकामा करायचा. याला सेट नल म्हणतात. कपाटांच्या बाबतीत काकांना रिकामा रकानाही नको होता. एखादं कपाट मोडीत निघालं, तर त्यातली सगळी पुस्तकं आपोआप 'अजून लावायची' या नावाच्या एका खोट्या कपाटात जावीत, असं त्यांचं म्हणणं. तेही करता येतं. त्याला सेट डिफॉल्ट म्हणतात. ही चारही उत्तरं एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९२ च्या प्रमाण नियमांत आहेत. काका मात्र ती न वाचताच बरोबर उत्तरं देत होते, कारण त्यांना वाचनालय ठाऊक होतं. मला फक्त प्रोग्राम ठाऊक होता.

जाता जाता एक सांगते. तुमच्या घरच्या मोबाइलमध्ये एसक्यूलाइट नावाचा एक छोटा डेटाबेस असतो, कितीतरी अॅप त्याच्यावर चालतात. त्यात हे नातं तपासण्याचं काम मुळात बंदच असतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते मुद्दाम सुरू करावं लागतं. तुमच्यापैकी कोणी पुढे प्रोग्राम लिहायला लागलात, तर हे लक्षात असू द्या. नाहीतर पोरक्या नोंदी गुपचूप साठत जातात आणि कोणी ओरडतही नाही.

मात्र एका गोष्टीचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. एखाद्याने काय वाचलं, हे वाचनालयाने जपून ठेवावं का? तेव्हा मला हा प्रश्न पडलाच नाही. आज पडतो. अमेरिकेतली कितीतरी ग्रंथालयं पुस्तक परत आलं की त्या नोंदीतून वाचकाचा क्रमांक मुद्दाम काढून टाकतात. पुस्तक किती वेळा बाहेर गेलं हे राहतं, कोणी नेलं हे जातं. म्हणजे सेट नलच, नाही का? युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क माणसाला दिला आहे, आणि आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्यातही तसा हक्क आहे. आपण काय वाचतो ते कोणाला कळू नये, असं वाटणारी माणसं असतात आणि त्यांचं काही चुकत नाही. पण आमच्या वाचनालयात तेव्हा ही पद्धत असती, तर ती मुलगी रिकाम्या हातीच गेली असती. आजोबांना ते आवडलं असतं की नसतं? त्या सात वेळा नेलेल्या पुस्तकाबद्दल ते घरी कोणाला बोलले नव्हते, हेही खरंच.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ती मुलगी पुन्हा आली. मी सभासदांच्या तक्त्यात आजोबांची ओळ परत घातली होती. क्रमांक २१४, नाव, पत्ता आणि नव्या रकान्यात सभासदत्व संपल्याची तारीख. देवघेवीच्या ३४६ ओळी तिने स्वतः टाइप केल्या, चार दुपारी बसून, चपला बाहेर काढून. जिथे परत दिल्याची तारीख मिळाली नव्हती, तिथे मी रकाना रिकामा ठेवायला सांगितलं. मग तिने आईने दिलेले अनामत रकमेचे पैसे टेबलावर ठेवले. तिला सभासद व्हायचं होतं. आणि क्रमांक आजोबांचाच हवा होता.

काकांचे डोळे भरून आले. "दे की गं. त्यांच्याच घरातली आहे."

मी नाही म्हटलं. काका रागावले, इतकं कठोर कशाला व्हायचं, म्हणाले. मी काही सांगणार, तोच ती मुलगी पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, मग मी नेलेली पुस्तकं आजोबांनी नेली असं दिसेल का?"

"हो."

"आणि त्यांनी नेलेली मी?"

"तीही."

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "मग वेगळाच द्या."

तिला ११८७ क्रमांक मिळाला. काकांनी तिच्या नव्या कोऱ्या कार्डावर तो सुवाच्य अक्षरात लिहिला. तिने बोटीच्या प्रवासाचं ते पुस्तक मागितलं. मी देवघेवीत ओळ भरली आणि काकांनी पुस्तकाचं मागचं पान उघडून सातव्या २१४ च्या खाली तारीख आणि ११८७ लिहिलं.